शमीम बाजींचा गेज

शमीम बाजी दुसऱ्यांनी टाकून दिलेलं अंड्यातलं पिवळं गोळा करायच्या. बजाजनगरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज सकाळी हा कार्यक्रम चाले. शेडच्या पुढच्या भागात आरसे होते आणि तिथं जिम चालवणाऱ्या विकी सरांची पोरं दंड फुगवत. व्यायाम झाला की ती उकडलेली अंडी सोलायची, पांढरं गट्टम करायची आणि पिवळं विंचू दिसल्यासारखं लांब सारायची. मग मागच्या भागातून बाजी स्टीलचा डबा घेऊन यायच्या. "टाका बाबांनो, ह्याच्यात टाका. कोंबडीनं मेहनतीनं बनवलेला माल हाय, कचऱ्यात नक्को." पोरं हसत हसत टाकायची. बाजी त्यात कांदा, हिरवी मिरची आणि मीठ घालून कुस्करायच्या, घरून आणलेल्या ज्वारीच्या भाकरीवर पसरायच्या आणि मन लावून खायच्या.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई परिस्थितीनं गांजलेली दिसते. तासाभरानं त्याच बाईनं कमरेला चामडी पट्टा आवळला, ओढणी आडवी बांधली आणि माझ्या वजनापेक्षा जड बार डोक्यावर नेऊन असा धरला, की मी तोंडात बोट घालायची तेवढी राहिले. बाजी तेव्हा पन्नाशीच्या होत्या. उंची पाच फुटांच्या आतली, पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. शेडच्या मागच्या भागात दोन लाकडी फळ्यांवर त्या मुलींना वेटलिफ्टिंग शिकवायच्या, तेही फुकट. पोटापाण्यासाठी वाळूजच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होत्या.

हे इन्स्पेक्शन त्यांच्या हाडात शिरलेलं होतं. कारखान्यात भोकं पाडलेले भाग तपासायला एक दोन तोंडांचा गेज असतो. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तरच माल पास. बाजींच्या कुर्त्याच्या खिशात असा एक झिजलेला, कामातून काढलेला गेज कायम असे. कोणी काही ठासून सांगायला लागलं, की त्या तो काढून समोर नाचवायच्या. "गेज लावला का?" केळ्यानं चरबी वाढते? गेज लावला का? रात्रीचा भात अंगावर येतो? गेज लावला का? विकी सर एकदा म्हणाले, "मॅडम, हे सगळ्या जगाला माहीत आहे." बाजी म्हणाल्या, "जगाला माहीत असंल. जगानं उचललं किती, ते सांगा."

त्यांची तपासायची रीत सोपी होती. चौदा दिवस एक गोष्ट खायची, चौदा दिवस सोडायची, आणि रोज कोणता बार उठला तो आकडा खडूनं भिंतीवर लिहायचा. बाकी आरशात काय दिसतं, फोटोत काय दिसतं, ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. भिंत म्हणेल ते खरं.

भिंतीच्या वर एक पत्र्याचा फळा टांगलेला होता. त्यावर बाजींच्या उस्तादांनी ऑइलपेंटनं नियम लिहिलेले होते. निजाम गेल्यावर, पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत शहरातल्या तालमीत ते जे शिकले, ते त्यांनी पुढच्यांसाठी रंगवून ठेवलं. उस्तादांचं नाव निघालं की बाजी अदबीनं कानाच्या पाळीला हात लावायच्या. पण गेजमधून उस्तादही सुटले नव्हते. 'मुलींनी हलके वजन उचलावे' ह्या नियमावर बाजींनी विशीतच खडूची रेघ मारली होती. 'कसरतीत पाणी पिऊ नये' ह्याच्यावर रेघ. 'रात्री भात वर्ज्य' ह्याच्यावर रेघ. मी एकदा विचारलं, "बाजी, चुकीचं आहे तर पुसून का नाही टाकत?" तर केवढ्या भडकल्या! "उस्तादांचा हात हाय तो. रेघ मारायची, पुसायचं नाय."

फळ्यावर शेवटचा नियम मात्र बिनरेघेचा होता. 'खालच्या गटात उतरावे. मेडल पक्के.' आमच्या खेळात शरीराच्या वजनाप्रमाणे गट असतात. बार दोन तऱ्हांनी उचलायचा, एका दमात थेट डोक्यावर ती स्नॅच, आधी खांद्यावर आणि मग वर ते क्लीन अँड जर्क; प्रत्येकी तीन प्रयत्न आणि शेवटी दोन्हींची बेरीज. माझं वजन बासष्टच्या आसपास. त्रेसष्टच्या गटात सहज बसणारी मी, पण उस्तादांच्या नियमानं अठ्ठावन्नच्या गटात उतरायची, कारण तिथल्या मुली कमी उचलतात. त्यासाठी चार किलो जाळायचे. इथं मात्र विकी सर आणि बाजी ह्यांचं कधी नव्हे ते एकमत झालं. सरांनी मला त्यांचा तक्ता दिला. अंड्याचं पांढरं, काकडी, डब्यातली पावडर. भाकरी बंद, मीठ बंद. सर मनानं वाईट नव्हते, त्यांना जे शिकवलं ते ते पुढं ढकलत होते.

त्या वर्षी माझं सगळं पणाला लागलं होतं. राज्य संघासाठी दोन निवड चाचण्या होत्या, दोन्ही गारखेड्याच्या क्रीडासंकुलात. दोन्हींत मिळून गटातली सगळ्यात मोठी बेरीज जिची, ती संघात. आमचे अण्णा, माझे वडील, पैठणकडचे, कामासाठी वाळूजला आलेले. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "संघात आलीस तर खेळ, मी आडवा येत नाय. नाय आलीस तर कारखान्यात पॅकिंगला लाग. अजून एक वरीस नुसतं लोखंड उचलत घालवायचं नाय." त्यांचंही चूक नव्हतं. मला मात्र पॅकिंगच्या नुसत्या कल्पनेनं रडू यायचं.

पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवसापासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. सकाळी दोन स्वेटर आणि वर अण्णांचं जाकीट घालून क्रीडासंकुलाला फेऱ्या मारल्या. बाटलीत थुंकत बसले, कारण थुंकीचंही वजन असतं. काटा अठ्ठावन्नवर आला तेव्हा बाजींनी माझी पाठ थोपटली. आणि त्यानंतर स्पर्धेत, जो बार मी शेडमध्ये गप्पा मारत उचलायची, तो माझ्या गुडघ्याच्या वर येईना. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न वाया गेले. स्नॅच गेली की एकूण धरतच नाहीत. माझ्या नावापुढं शून्य लागलं.

परतीच्या रिक्षात मी खूप रडले आणि मग मला राग आला. एवढा की, ज्या बाईला मी घाबरायची तिलाच म्हणाले, "बाजी, खालच्या गटाचं काय? त्याला गेज लावला होता का?"

बाजींनी खिशातला गेज काढला. बजाजनगर येईपर्यंत तो हातात फिरवत राहिल्या. मला वाटलं, संपलं आता, उद्या शेडचं दार आपल्याला बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना पुढं बोलावलं. आमच्या मुली, विकी सर, त्यांची पोरं, झाडून सगळे. "कविता कल मेरेकू एक बात पूछी," त्या म्हणाल्या. चिडल्या किंवा गहिवरल्या की बाजी दखनीत शिरायच्या. "मैं नक्को बोलके टाल देती, मगर पोरगी बरोबर बोलली. खालच्या गटाला मी कधी गेज लावलाच नाय. मी पोरींना तीस वर्सं उपाशी मारलं. उस्ताद बोलले, मी मानलं. बस्स." एवढ्या मोठ्या बाईला असं सगळ्यांसमोर उभं राहून बोलताना बघून मीच ओशाळले. पण त्या शांत होत्या. भिंतीकडं वळल्या आणि म्हणाल्या, "उपाशीपणाचे आकडे हितं लिवलेलेच हायेत. जर्क बाहत्तरच्या वर एक बी नाय. आता चौदा दिवस पोटभर, आन् गट त्रेसष्टचाच."

विकी सर कळवळून म्हणाले, "मॅडम, त्रेसष्टमध्ये मागच्या चाचणीत पहिली आलेली मुलगी आहे. तिच्यापुढं हिचा चुरा होईल. आणि रात्री भाकरी म्हणजे सगळी चरबी!"

"व्हय का? मग चौदा दिवसांनी चरबीच उचलंल बार," बाजी म्हणाल्या.

ते चौदा दिवस मी जन्मात विसरणार नाही. भाकरी, वरण, रात्री भात, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि विकी सरांच्या पोरांनी टाकलेलं पिवळं. भिंतीवर चौऱ्याहत्तर आलं, शहात्तर आलं, तेराव्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. रोज आकडा लिहिला की बाजी चष्मा काढून जवळून बघायच्या, मालाला टोक लावल्यासारखं. चौदावा दिवस झाल्यावरही फळ्यावर रेघ मारली नाही. म्हणाल्या, "शेडमधला माल पास झाला. गिऱ्हाइकाकडं पास व्हायचाय अजून."

दुसरी चाचणी तीन महिन्यांनी. वजनकाट्याबाहेर तोच देखावा. स्वेटर घालून पळणाऱ्या मुली, बाटलीत थुंकणाऱ्या मुली, सुकलेले ओठ. एकसष्ट किलो आठशे भरून मी बाहेर आले, तर बाजी तिथंच जमिनीवर फतकल मारून बसलेल्या आणि डबा उघडलेला. भाकरी, कुस्करलेलं पिवळं, दही. कांद्याचा वास सगळ्या व्हरांड्यात. एक प्रशिक्षक जाता जाता बोलले, "मॅडम, इथं स्पर्धा आहे, डोहाळजेवण नाही." बाजींनी त्यांच्यापुढंही भाकरीचा तुकडा धरला. मी खाली मान घालून चार भाकऱ्यांतली दीड संपवली. खोटं कशाला बोलू, लाज वाटत होती.

स्नॅचमध्ये मी बासष्ट केले, त्या पहिल्या नंबरच्या मुलीनं चौसष्ट. क्लीन अँड जर्कमध्ये ती ऐंशीवर थांबली. पहिल्या चाचणीतली तिची बेरीज ह्याहून कमीच होती. म्हणजे मला त्र्याऐंशी हवे होते, आणि शेडमधला माझा सगळ्यात मोठा आकडा एक्क्याऐंशी होता. प्रयत्न एकच उरलेला. हॉलच्या दाराशी अण्णा उभे होते, पहिली पाळी अर्धी टाकून आलेले. बाजींनी माझ्या तळहातांना पावडर लावली. मी म्हणाले, "बाजी, त्र्याऐंशीला गेज लावलेला नाही."

"तर आत्ता लाव ना," त्या म्हणाल्या.

बार खांद्यावर आला तेव्हा जड नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगलाच जड होता. पण खालून पायात काहीतरी शिल्लक होतं, जे पहिल्या वेळी अजिबात नव्हतं. मी श्वास घेतला, पाय फाकवले आणि बार वर गेला. वर गेला आणि वरच राहिला. पंचांचे तीनही पांढरे दिवे लागले. अण्णांनी आयुष्यात कधी शिट्टी मारली नव्हती, ती त्या दिवशी मारली. एकशे पंचेचाळीस विरुद्ध एकशे चव्वेचाळीस. एका किलोनं मी राज्य संघात आले. आणि बाजी? बाजी हॉलच्या मधोमध हात वर करून ओरडत होत्या, "पास! माल पास!"

त्याच संध्याकाळी त्यांनी स्टूलवर चढून उस्तादांच्या शेवटच्या नियमावर रेघ मारली. आधी कानाला हात लावला, मग रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे डबा घेऊन पुढं गेल्या, तर विकी सरांनी एक अख्खं अंडं सगळ्यांदेखत तोंडात टाकलं आणि पाठ फिरवली. मग त्यांच्या पोरांनीही टाकलं. बाजी रिकामा डबा घेऊन परत आल्या. "जितून बी नुकसान झालं बघ," म्हणाल्या, "आता अंडी इकत आणावी लागणार."

पुढं मला खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी लागली. पॅकिंगचं नाव अण्णांनी पुन्हा काढलं नाही. बाजी निवृत्त झाल्या आणि बहिणीजवळ राहायला पैठणला निघाल्या. शेड त्यांनी माझ्या हवाली केली. शेवटच्या दिवशी फळ्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "उस्तादांचं सगळं रेघांनी भरलं. खाली जागा हाय. तू बी लिव काय तरी." मला भरून आलं होतं. मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शमीम बाजी सांगतील ते खरे.'

बाजींनी चष्मा काढला, जवळ जाऊन वाचलं. मग ओढणीचं टोक घेऊन ते वाक्य स्वच्छ पुसून टाकलं. रेघ मारली नाही, पुसलंच. खिशातला झिजलेला गेज काढून माझ्या हातात ठेवला आणि एसटी चुकेल म्हणत दाराकडं निघाल्या.

"आन् ह्याला गेज कोण लावणार होतं गं?" दारातून वळून म्हणाल्या.