जेवणासकट खोली

इंग्रजीच्या तीन महिन्यांच्या कोर्ससाठी मी आयर्लंडला जायचं ठरवलं, तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर बाबांचा हिशेबच चालू होता. फी आणि तिकिटाचे पैसे बाजूला काढल्यावर होस्टेलचं भाडं काही केल्या बसेना. शेवटी एकट्या राहणाऱ्या एका बाईच्या घरातली खोली परवडली, जेवणासकट.

"घरचं जेवण मिळंल की," बाबा म्हणाले.

त्या खोलीच्या कपाटात एका मुलीचे कपडे तसेच टांगलेले होते. थोड्याच दिवसांत ती बाई मला भलत्याच नावानं हाक मारू लागली. ते तिच्या वारलेल्या मुलीचं नाव, असं शेजारणीनं सांगितलं. मी बाईला तिची चूक सांगायला गेले, पण तिचा चेहरा पाहून तशीच माघारी फिरले. मग त्या नावाला ओ देत देतच माझं इंग्रजी सुधारलं.

परत येऊन वर्ष झालं. अजून रविवारी तिचा फोन येतो. त्याच नावानं हाक मारून ती विचारते, घरी कधी येतेस?

परवा फोन स्पीकरवर होता. भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "कुणाला बोलावतीय गं ती?"

"मलाच," मी पटकन म्हणून गेले.

आई हात थांबवून माझ्याकडे बघतच राहिली.