बायकोच्या क्वार्टरला पाणी

लग्न झालं तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि बायकोला नुकतीच नर्सची नोकरी लागली होती. माझं काम सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात, वाफ्यांत. तिचं उपकेंद्र एटापल्लीच्याही पुढे, जंगलात. मूल या तिच्या गावच्या बुद्धविहारात लग्न लागलं, थोडे दिवस माझ्या घरी राहिलो आणि दोघं दोन दिशांना निघून गेलो. शेजारणी आईला विचारायच्या, "सून कुठी हाय?" आई म्हणायची, "नोकरीवर." "अन् पोरगा?" "शिकून राह्यला." त्यावर शेजारणी ज्या तऱ्हेने गप्प बसायच्या, ते आईला आवडायचं नाही.

जमेल त्या शनिवारी मी जुन्या मोटरसायकलवर निघायचो. मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीनंतर सागाचं रान सुरू व्हायचं आणि मोबाइलची रेंज जायची. पुढे पोलिसांचा नाका लागायचा. तिथे नाव-गाव सांगायचं, डिकी उघडून दाखवायची आणि पुढे जायचं. त्याची सवय झाली होती.

बायकोचं क्वार्टर म्हणजे उपकेंद्राला लागून दोन खोल्या. खिडक्यांना जाळी नव्हती, ती मी पहिल्या खेपेला बसवली. दुसऱ्या खेपेला सेंट्रिंगच्या फळ्यांचं मांडण केलं, कारण तिची भांडी औषधांच्या खोक्यांवर मांडलेली असायची. संसार असा खेपेखेपेने होत होता. मुख्य अडचण पाण्याची होती. न्हाणीत नळ होता, पण नळात कधी पाणी आलेलं गावात कोणाला आठवत नव्हतं. हापशी शाळेजवळ, पार लांब. एखादी बाळंतपणाला आली की तिची आई किंवा सासू तिथून गुंडावर गुंड, म्हणजे हंडे, भरून आणत राहायची आणि बायको आत एकटी असायची.

उपकेंद्राच्या मागे एक जुनी विहीर होती. कचरा पडलेला, पण पाणी होतं. आमच्या रोपवाटिकेला सोलरवरची छोटी मोटर मी स्वतः जोडली होती, तशीच इथे बसवावी असं डोक्यात आलं. एका खेपेला मी दोरीला दगड बांधून विहीर मोजली, मोबाइलवर तिचे फोटो काढले, विहिरीपासून न्हाणीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. तेव्हा आसपास कोण उभं होतं, इकडे माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या खेपेला गडचिरोलीतून सामान घेतलं. काळ्या पाइपाचं भेंडोळं, वायर, बॅटरी, मोटर, सोलर प्लेट, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. सगळं मोटरसायकलला आवळून बांधलं. नाक्यावर पोहोचलो तेव्हा दुपारही झाली नव्हती.

जवानाने गाडीभोवती एक चक्कर मारली. "काय नेऊन राह्यला एवढं?"

"पाणी आणायचं आहे. माझी बायको नर्स आहे पुढच्या गावात."

"वायरनं पाणी येते का?"

मी मोटरचं सांगू लागलो. त्याने ऐकून न घेता बॅटरीवर हात ठेवला, डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं. त्या भागात वायर, बॅटरी आणि उग्र वासाचा डबा एकत्र दिसला की पोलिसाच्या मनात काय येत असेल, हे मला तेव्हा कुठे कळलं. मी सामान घेताना एकदाही तसा विचार केला नव्हता.

साहेब तरुण होते, माझ्याहून थोडेच मोठे. बोलणं तिकडच्या, घाटावरच्या मराठीतलं. मला बाकावर बसवलं, चहा दिला, मोबाइल मागितला. एकेक फोटो पाहत गेले. भाताच्या लोंब्या, लोंब्या, आणखी लोंब्या. मग विहीर.

"विहीर मोजत होतात म्हणे मागच्या वेळी. पावलंही मोजलीत."

पावलांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. फोटोत पावलं दिसत नाहीत.

ते पुढे विचारत राहिले. उपकेंद्रात कोण कोण येतं, बाहेरगावचे पुरुष येतात का, कोणी जखमेची औषधं जास्तीची नेतं का. मी म्हणालो, मला माहीत नाही, आणि ते खरंच होतं. अखेर नाक्यावरच्या त्यांच्या फोनवरून सिंदेवाहीला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लागला, सरांनी माझी ओळख पटवली. मला वाटलं, सुटलो. साहेब म्हणाले, "चला, आम्हालाही तिकडे जायचंच आहे. सामान आमच्या गाडीत टाका. तेवढाच तुमचा भार हलका."

नाही म्हणायची सोय नव्हती. पुढे त्यांची गाडी आणि तिच्या धुळीत मागे मी, असे आम्ही गावात शिरलो. माणसं शेतावरून परतत होती. गाडी पाहून सगळे जिथल्या तिथे थांबले. जवानांनी माझं भेंडोळं उतरवून ओसरीत ठेवलं. साहेबांनी माझा हात हातात घेतला, चांगला दोनदा हलवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही लागलं तर सांगत जा."

ते चांगुलपणाने बोलले की मुद्दाम, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही.

त्या भागात अनोळखी माणसावर दोन्हीकडून नजर असते. पोलिसांना वाटतं हा जंगलातल्यांचा, नक्षल्यांचा; गावाला वाटतं हा पोलिसांचा. आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही असं सगळे म्हणतात. पण पोलिसांचा माणूस ठरलेल्यांचं पूर्वी काय झालं ते गावाला पाठ होतं आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात कोणी आलं नाही. रविवारीसुद्धा ताप-खोकल्याची माणसं यायची, ती आली नाहीत. गावातलीच एक बाई आशाताई म्हणून काम करायची, ती आली ती दारातच उभी राहिली. माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाली, "आज कामं हायेत बाई लोकाईले." आणि गेली.

बायको बराच वेळ कापूस भरून ठेवायचं काम करत राहिली. घरात दोघंच असलो की ती मला 'तू' म्हणायची आणि चारचौघांत 'तुम्ही'. त्या दिवशी घरात दोघंच होतो.

"खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्ही कोनाचं नाव तं नाई घेतलं तिथी?"

"कोणाचं घेणार? मी ओळखतो कोणाला?"

"ओळखत नाई म्हणूनच विचारून राह्यली. चुकून निघून जाते तोंडातून. कोणता मानूस पट्टी बांधाले आला होता, असं."

"नाही घेतलं."

तिने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळला नाही. मग मी तिला पावलांची गोष्ट सांगितली. गावातल्याच कोणीतरी माझ्याबद्दल आधी जाऊन सांगितलं होतं. ती झटकन उठली आणि दार लावून आली.

"हे कोनाजवळ बोलू नको," ती म्हणाली, आणि या वेळी 'तू' म्हणाली. "तू गावात असं म्हटलं का इथी एक मानूस पोलिसाले सांगते, तं गाव शोधाले लागते. मंग ज्याच्यावर संशय गेला तो गेलाच समज. तो असो का नसो."

सोमवारी मी परत निघालो. भेंडोळं ओसरीत तसंच पडलं होतं. निघताना दिसेल त्या माणसाकडे मी रोखून पाहत होतो. किराणावाला हात करून हसला. तो आधी कधी हसला होता का? शाळेतले गुरुजी सायकल थांबवून उगीच चेन बघू लागले. वनरक्षक त्याच वेळी नाक्याच्या दिशेने का निघाला होता? आशाताईचा नवरा तर विहिरीच्या बाजूलाच बकऱ्या चारायचा. सिंदेवाहीला वाफ्यात बसून लोंबीचे दाणे वेगळे करतानाही हीच चार तोंडं माझ्यापुढे यायची. एकावर पक्कं करावं तर दुसऱ्याचं काहीतरी आठवायचं. ज्या माणसांशी मी धड दोन वाक्यं बोललो नव्हतो, त्यांच्याबद्दल मी मनात खटले चालवत होतो.

बायको टेकडीवर चढून, रेंज पकडून फोन करायची. पाणी, जेवण, ड्युटी, असंच बोलायची. एकदा म्हणाली, "येऊ नको एवढ्यात." मी विचारलं, "गाव म्हणते का तू म्हणते?" रेंज गेली, किंवा तिने ठेवला. मूलला माझ्या सासूबाईंनी बदलीचा धोशा लावला होता. "पोरगी एकटी हाय अन् तुम्ही तिथी गाड्या घेऊन जाता पोलिसाच्या," त्या मला म्हणाल्या. त्यांनाही मी काय सांगणार होतो?

तिने नको म्हटलं तरी मी गेलो. नाक्यावर गावाकडची माणसं भरलेली काळी-पिवळी जीप माझ्या पुढे उभी होती. तोच जवान मला पाहून लांबूनच ओरडला, "काय भाऊ, आलं का पाणी?" काळी-पिवळीतली सगळी डोकी मागे वळली.

क्वार्टरला पोहोचलो तोच निरोप आला. भूमियाने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, गोटुलात, गावाच्या बैठकीच्या जागी, बोलावलं होतं. बायको म्हणाली, "मीबी येते." तिला कोणी नको म्हटलं नाही.

गोटुलात गावातले पुरुष भिंतीला टेकून बसले होते. भूमिया म्हातारा, बारीक अंगाचा, एका डोळ्याने कमी दिसणारा. तो माडिया भाषेत बोलायचा आणि आशाताई मराठीत सांगायची. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तो जेवढं बोलतो तेवढंच ती सांगते की आपल्या मनाचं घालते, हे कळायला मला काही मार्ग नव्हता.

"विचारते, त्याईच्या गाडीसंगं काऊन आला?"

"त्यांनी सामान गाडीत टाकलं. मी मागून आलो."

"विचारते, हात काऊन मिळवला?"

"त्यांनी पुढे केला."

"नाई म्हणता नाई आलं?"

मी म्हणालो, "तुम्हाला म्हणता आलं असतं का?"

आशाताईने ते माडियात सांगितलं. भिंतीजवळचा एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. भूमिया हसला नाही. त्याने पुढचा प्रश्न हळू विचारला, आणि आशाताईनेही तो हळूच सांगितला.

"विचारते, तुले पकडलं कसं? गावातून कोनी सांगतलं का?"

मी गोटुलातल्या तोंडांवरून नजर फिरवली. किराणावाला होता. आशाताईचा नवरा होता. गुरुजी दारात उभे होते. एका 'हो'ने माझ्यावरचा डाग पुसला गेला असता आणि यांच्यातल्या कोणावर तरी गेला असता. बायको माझ्याकडे पाहत नव्हती. ती जमिनीकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणालो. "वायर दिसली म्हणून थांबवलं."

खूप वेळ आपसात बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते आशाताईने सांगितलं. पाइप टाकायचा, पण दिवसाउजेडी, गावासमोर. प्रत्येक वस्तू उघडून दाखवायची. आणि नळ न्हाणीत नको, बाहेर रस्त्याला काढायचा, म्हणजे त्याच्यात काय आहे ते सगळ्यांना दिसेल.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो तेव्हा निम्मं गाव उकिडवं बसून होतं. बॅटरीचं खोकं एकाने उघडलं, दुसऱ्याने मोटर कानाला लावून हलवून पाहिली. सोल्युशनचा डबा सगळ्यांच्या हातातून फिरला. कोणी मदतीला हात लावला नाही, पण मी पाइप उलटा धरला तेव्हा दोघं-तिघं एकदम बोलले. पहिल्यांदा पाणी आलंच नाही. जोड पुन्हा कापला, पुन्हा चिकटवला. मग नळ घरघरला आणि चिखलाचं, पानं मिसळलेलं पाणी पडलं. एका बाईने त्यात पाय धुतले आणि निघून गेली.

उपकेंद्रात माणसं लगेच परतली नाहीत. आधी एक म्हातारी नातवाचं गळू दाखवायला आली, मग पाणी भरायला आलेल्या बायका नळावरूनच गोळ्या मागू लागल्या. हिवाळा सरता सरता एक पहिलटकरीण आली आणि तिच्या सासूला गुंड घेऊन लांब जावं लागलं नाही. माझ्याशी मात्र लोक तोलूनमापूनच बोलत राहिले. मीही तोलूनच बोलायचो. नाक्यावर मी त्यानंतर हसलो नाही, आणि न हसल्याबद्दल कोणाला काय वाटलं असेल याचाही विचार केला.

नाक्यावर कोणाचं नाव घेतलं का, हे बायकोने पुन्हा विचारलं नाही. माझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसला होता की नाही, हे मीही विचारलं नाही. गोटुलातून परत येताना तिने अंधुक रस्त्यावर माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि पुढे चालू लागली. तेवढंच.

माझं शिक्षण संपलं आणि पुढे तिची बदली मूलच्या जवळ झाली. सामान टेम्पोत चढवत होतो तेव्हा भूमिया काठी टेकत आला. सोबत आशाताई नव्हती. त्याला मराठी येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आता तं तू जाते," तो म्हणाला. "आता सांग. त्या वेळेस कोन होता?"

मी म्हणालो, "मले नाई माहीत, बाबा."

त्याने त्याच्या चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. मग नळाखाली हात धरून तोंडावर पाणी मारलं आणि गावाकडे चालता झाला.

टेम्पो निघाल्यावर बायको म्हणाली, "त्याले माहीत होतं का रे, गावातून कोनी सांगतलं ते?"

"काय माहीत," मी म्हणालो.