देवाच्या परवानगीचा अर्ज

नाम दिन्ह गावात शाळेचे गणवेश शिवणारी न्यान कुणाच्या बापाला भीत नसे. भीत असे ती फक्त गावदेवाला, आणि त्या मार्चमध्ये तिला जेवण गोड लागत नव्हतं.

झालं होतं असं. लेक दिएप अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत अर्ज करणार होती. शाळेच्या थोआबाई घरी येऊन स्पष्ट बोलल्या होत्या.

"पाचही नावं आभाळातली आहेत हो. दोन तरी जमिनीवरची घाला. या पाचांपुढे हुशारांचीच रांग लागते."

पण न्यानने तोवर देवळातल्या म्हाताऱ्या लेखनिकाकडून पिवळ्या कागदावर देवाला विनंती लिहून घेतली होती, आणि ती जाळून धूरही वर देवाकडे गेला होता. पाच नावं देवाला सांगून झाल्यावर सहावं साधं नाव घालायचं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. तिने बाईंना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मार्च संपता संपता चार नकार आले. पाचव्याचं, सगळ्यात मोठ्याचं, उत्तर यायचं होतं. एका साध्या विद्यापीठाची मुदत मात्र आज संध्याकाळी पाचला संपत होती. दिएपने अर्ज भरून ठेवला होता, पण देवाच्या मनाविरुद्ध बटण दाबायला ती तयार नव्हती. आईच्याच तालमीत वाढलेली पोर.

न्यान जीव मुठीत धरून देवळात गेली. बशीत दोन नाणी टाकून कौल मागायचा. एक उताणं, एक पालथं पडलं तर होकार. तीनदा मागता येतं.

पहिल्यांदा दोन्ही पालथी. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एक नाणं बशीच्या काठावर गरगरलं आणि तेही पालथंच पडलं. आता अर्ज केला तर पाचवंही हातचं जाणार, आणि नाही केला तर पोर घरी बसणार.

ती देवळाच्या पायरीवर आली तोच फोन वाजला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"आई, काय म्हणाला गं देव?" दिएपचा आवाज रडवेला होता.

"हो म्हणाला. दाब बटण."

सेहेचाळीस वर्षांत तिने देवाच्या तोंडी कधी शब्द घातला नव्हता. पलीकडून दिएप रडत रडत हसली. काय व्हायचं ते मला होऊ दे, पोरीला नको, असं न्यान पुटपुटत राहिली, पण मागे वळून देवळाकडे बघायची तिची छाती झाली नाही.