कोरडं बोट

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, कांद्याचे आडते. दुसऱ्याचा माल खपवण्यात जन्म गेल्यामुळे कशालाही वाईट म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नाही. केडगावात माझी छोटी ब्रुअरी आहे. भाजलेल्या जवाची तांबडी बिअर, म्हणजे रेड एल, तयार झाली की विक्रीला काढण्याआधी पहिला ग्लास मी त्यांच्यापुढे ठेवतो. कांद्याची पत्ती, म्हणजे वरची साल, बघावी तसा ते ग्लास उन्हात धरून बघतात, वास घेतात, पितात आणि म्हणतात, "लई भारी, भाऊ!" दर वेळी हेच. म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही, बोटाकडे बघतो.

पिण्याआधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायची आपल्याकडे रीत आहे, गेलेल्या माणसांसाठी. हे मात्र आधी घोट घेतात, मग शिंपडतात. "चाखल्याबिगर थोरल्याला कसं द्यायचं?" थोरला म्हणजे त्यांचा वारलेला भाऊ.

परवाची एल माझ्या मते आजवरची सगळ्यात चांगली होती. त्यांनी घोट जिभेवर घोळवला. "लई भारी! रंग तर काय, डाळिंबच!"

बोट कोरडंच.

"शिंपडलं नाही ते?" मी जरा चिडूनच विचारलं.

ते ओशाळले. "मला चालती हो. थोरला लई तोंडावर बोलायचा."

आणि माझ्या समाधानासाठी त्यांनी अख्खा ग्लास संपवला.

ते गेल्यावर मी टाकीची तोटी उघडली आणि सगळी एल मोरीत सोडून दिली.