रस्त्यावरची ज्वारी

मुलांनो, ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. साल ऐंशीनंतरचे. मी सौंसर ठाण्यात उपनिरीक्षक होते. रामाकोन्याजवळ सरळ रस्त्यावर, भरदिवसा, संत्र्यांच्या ट्रकने सायकलवरच्या एका तरुणाला उडवले. पाय मोडला, त्याला नागपूरला हलवले. त्याच्या थोरल्या भावाने फिर्याद दिली की चालक बेफाम होता. चालकाला अटक झाली.

"बेफाम नव्हतो जी बाईसाहेब. ज्वारीवरून चाक घसरलं," तो पुन्हा पुन्हा सांगे.

पंचनाम्याच्या वेळी मात्र रस्ता झाडून काढल्यासारखा होता. हवालदार चालकाला म्हणाला, "काहून बे, ज्वारी उडून गेली काय?"

त्याच आठवड्यात रस्ते खात्याचा एक तरुण इंजिनीयर आमच्या नोंदी पाहायला आला. एका विलायती सूत्राने तो पुढचे अपघात कुठे होतील ते काढत होता. त्याच्या हिशेबाने वळण आणि पूल धोक्याचे, ही जागा सर्वांत सुरक्षित. "म्हणजे चूक चालकाचीच," तो म्हणाला. चालक तुरुंगात जाणार हे जवळपास ठरलेच.

मग बाजारात एक भाजीवाली हळूच म्हणाली, "ट्रकची चाकं पाह्यली का, बाई? मी काही बोलली नाही बरं."

ट्रक ठाण्याच्या आवारातच उभा होता. टायरच्या खाचांत ज्वारीचे चिरडलेले दाणे गच्च बसले होते. ते कागदावर काढून मी थोरल्या भावासमोर ठेवले.

"कोणाची?"

त्याने एक दाणा बोटाने उलटवून पाहिला. म्हणाला, "आमचीच जी. सारेच कणसं टाकतात रस्त्यावर. ट्रकच्या चाकाखाली मळणी होऊन जाते."

"मग उचलली काहून?"

"तुम्ही येऊन राहिले होते ना. धाकट्याले मीच म्हटलं होतं, कणसं वाचव, मधल्या वाटेनं सायकल काढ."

मी जबाब लिहून घेतला. चालक सुटला. इंजिनीयरला जीपमधून तो रस्ता दाखवला. दोन्ही बाजूंना पुन्हा पसरलेली कणसे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. त्याने सूत्रात सुगीचे महिने धरून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा हीच जागा सर्वांत धोक्याची निघाली.

दुसरीकडे तयार झालेला हिशेब खोटा नसतो. फक्त इथली माणसे रस्त्याचे काय करतात, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. तपासातही मी पुढे तेच करत आले.

पुढच्या सुगीत तिकडून गेले. धाकटा कुबडी घेऊन बांधावर बसला होता. थोरला शेजाऱ्यांची कणसे रस्त्यावरून उचलून आपल्या खळ्यात मळून द्यायला नेत होता आणि शेजारी त्याला शिव्या देत होते. त्याने मान वर केली नाही. मी जीप थांबवली नाही.