जपानी कोळपं

कोळपेकाका कुठेही जरा उभे राहिले की वाकायचे. जपानात, ग्योतोकु स्टेशनबाहेर माझी वाट बघताना फरशांच्या फटीतलं गवत उपटायचे, आणि मग ते कुठल्या कचऱ्यात टाकायचं हे न कळल्यामुळे मुठीत धरून तसेच गाडीत चढायचे. "काका, लोक बघतायत," मी म्हणायची. "बघू देत. फुलोरा यायच्या आत काढलेलं बरं."

खरं आडनाव वेगळंच होतं. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर आमच्यातली बरीच मराठी मंडळी बिऱ्हाडं आवरून भारतात परत गेली, तेव्हा हे पन्नाशीचे गृहस्थ उलटे जपानला आले. तणनाशकं कमी करून भात कसा पिकवायचा, यावर मी नोकरी करायचे त्या संस्थेत संशोधन करायला. सामानात एक कोळपं होतं, भाताच्या दोन ओळींमधून तण काढत ढकलायचं, दातेरी चाकाचं. कोकणात त्याला 'जपानी कोळपं' म्हणतात. विमानतळावर अधिकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं. काका ऐटीत म्हणाले, "जपानी."

"इथे बनलेलं?"

"नाही, महाडला."

दातांतली लाल माती धुऊन घेतल्यावरच त्यांना सोडलं. संस्थेतही ते अवजार कुणाला ओळखता येईना. त्या दिवसापासून ते कोळपेकाका झाले.

ओळखलं फक्त एका जपानी शेतकरी आजींनी. चिबा प्रांतातलं त्यांचं शेत आम्ही प्रयोगासाठी घेतलं होतं, आणि काकांची दुभाषी मी होते. कोळपं बघून आजी खुदकन हसल्या. "नवी नवरी होते तेव्हा हेच ढकलायचे. चाक पोचायचं नाही तिथे हाताने, दिवसभर वाकून. औषध आलं ना, तेव्हा बांधावर बसून रडले मी. सुटले म्हणून." तणनाशकाला तिथेही औषधच म्हणतात.

काकांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "त्यांना सांग, शेतात औषध पडणार नाही आणि तुम्हाला एकदाही वाकावं लागणार नाही." मी शब्दन् शब्द सांगितला. आजी एवढंच म्हणाल्या, "बघू या. शेजाऱ्यांकडे तणाचं बी जाऊ देऊ नका."

दोन उन्हाळे काकांनी शब्द पाळला. पाणी खोल ठेवलं, कोवळं तण उपटायला रोपांवरून साखळ्या ओढल्या, कोळपं ढकललं. परतीच्या गाडीत ते बसल्या बसल्या झोपायचे आणि मी हलवलं नाही तर पुढच्या स्टेशनाला जायचे. "तण फुकट मरत नाही गं," असं डोळे मिटूनच म्हणायचे. "औषध नाही तर कंबर. प्रश्न एवढाच, की कुणाची?" ते इतके थकलेले दिसायचे की मला वाद घालवत नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले. काही दिवस अंथरुणातच होते. काठी टेकत शेतावर आले, तर पाखडाचं तण भाताच्या वर डोकं काढून उभं, आणि त्या ओळींत मोठी टोपी घालून, पाण्यापर्यंत वाकलेल्या आजी. "शेजारी काही बोलले नाहीत," त्या ओशाळून म्हणाल्या, "पण बघत होते."

काका बांधावर बसले. मग मला म्हणाले, "औषध कुठंय विचार."

आजींनी छपरीतून पिशवी आणली आणि आपणच टाकते म्हणाल्या. काकांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. "दोन शब्द दिले होते. त्यातला एक तरी पाळतो." त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तीन वर्षांच्या प्रयोगावर औषध टाकलं. माझ्याच्याने बघवलं नाही.

हिवाळ्यात काका कायमचे निघाले. कोळपं आजींकडेच ठेवलं. आमची मोटार निघाली तशा आजी बांधावर हात पुढे एकावर एक ठेवून कमरेतून वाकल्या, तिथल्या रिवाजाप्रमाणे, आणि मोटार लांब जाऊ लागली तरी तशाच राहिल्या. काका मागच्या काचेतून बघत होते.

"अगं, सांग ना त्यांना," ते म्हणाले, "वाकू नका म्हणावं."

मी काच खाली केली, पण जपानीत ते कसं म्हणायचं, मला सुचलंच नाही.