न घासलेल्या शिवराया

वडील खानापूरच्या रानात लाकडं तोडत. ते तापानं गेले तेव्हा आमच्या घरात एका वेळचा भातही शिल्लक नव्हता. आई मला घेऊन बेळगावात आली आणि एका वकीलसाहेबांकडे भांडी घासू लागली. गोठ्याशेजारची खोली राहायला मिळाली. मी मॅट्रिक झालो तशी साहेबांनी कॉलेजची फीही भरली. भरली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलीही.

साहेबांना जुन्या नाण्यांचा नाद. त्यांच्याकडे डबाभर शिवराया होत्या, तांब्याच्या, मातीनं माखलेल्या. पुण्याचे एक जाणकार गृहस्थ त्या बघायला येणार असं ठरलं, आणि साहेबांनी डबा आईपुढे ठेवला. "लखलखीत कर."

तांबं उजळण्यात आईचा हात कोण धरणार? मी कॉलेजातून येईतोवर तिनं चिंच आणि राख लावून मूठभर शिवराया अशा चमकवल्या होत्या, की त्यांवर अक्षर म्हणून राहिलं नव्हतं.

"आई, थांब. जुनं नाणं घासायचं नसतं. मी पुस्तकात वाचलंय."

"बीए व्हायला गेलास, आणि न घासायचं शिकून आलास व्हय रं?"

साहेबांनी ते ऐकलं. "फी मी भरायची आणि अक्कल यानं शिकवायची," ते म्हणाले. "बरं, उरलेली तुझ्या पुस्तकाप्रमाणे कर. पाहुण्यांनी नाक मुरडलं, तर पुढच्या टर्मची फी तुझी तू बघ."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून डिस्टिल्ड वॉटरची बाटली मागून आणली. एकेक शिवराई कडेला धरून पाण्यात सोडली. माती आपसूक सुटू दिली, पाणी बदललं, आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर ठेवून नुसती टिपली. चोळली नाही. तांब्यावरचा काळपट हिरवा रंग होता तसाच राहिला. आई शेजारी बसून बघत होती.

"नुसतं भिजवून पगार मिळत असता, तर मीबी लई भिजवलं असतं," ती म्हणाली.

पाहुणे आले. साहेबांनी चमकणारी नाणी मुद्दाम पुढे सारली. पाहुण्यांनी एक उचललं. "ही काय काल पाडली?" एवढं विचारून खाली ठेवलं. मग माझ्या शिवराया भिंगाखाली धरल्या, एकेक अक्षर वाचलं. "हा रंग चढायला पिढ्या जातात. राखलात, हे फार चांगलं केलंत."

साहेब म्हणाले, "आमच्या घरात नाणं घासू द्यायची पद्धतच नाही."

आई दाराशी उभी होती. चिंचेनं तिची बोटं अजून पांढरीफटक होती. खोलीवर आल्यावर म्हणाली, "इतकी वर्सं घासली, कुणी चांगलं म्हटलं न्हाय. न घासल्याची शाबासकी मिळाली, तीबी मालकास्नी."

पुढच्या टर्मची फी साहेबांनी भरली. त्यानंतरचीही भरली. मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यात तोवर कुणी झालं नव्हतं.